न्हावा शेवाची जमीन, कचऱ्याचा धूर आणि कार्बनचा हिशेब

हवामान बदलाच्या चर्चेत सध्या एक उपाय मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. शहरांचा कचरा जाळून वीज तयार करायची, आणि जाळताना धुरांड्यातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो हवेत जाऊ न देता पकडून जमिनीखाली किंवा समुद्राच्या तळाखाली कायमचा गाडून टाकायचा. ऐकायला छान वाटते. कचरा गेला, वीज मिळाली, हवाही सुधारली. यात कुणाचे काय बिघडते?

आम्ही आंबेडकरी चळवळीतले, वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आहोत. कोणतीही योजना पुढे आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हिचा भार कुणाच्या डोक्यावर आणि लाभ कुणाच्या पदरात? अनेकांना हा प्रश्न नकारात्मक वाटतो. पण तो आम्ही इतिहासातून शिकलो आहोत, आणि हा इतिहास वाचायला न्हावा शेवासारखी जागा नाही. इथे शेतकऱ्याची जमीन गेली, कोळ्याचा समुद्र गेला, परदेशाचा घातक कचरा बंदरात उतरला आणि तो इथेच जाळून टाका असा हुकूमही झाला. उद्या महामुंबईचा कार्बन गाडायचे ठरले तर त्याची वाटही याच किनाऱ्यावरून जाण्याची शक्यता सर्वात जास्त आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. धुरांड्यातून कार्बन पकडण्याच्या आधी, तो पेटूच न देणाऱ्या हातांचा हिशेब झाला पाहिजे. ते हात बहुतांशी दलित स्त्रियांचे आहेत. आणि कार्बन गाडण्याच्या आधी, ज्यांच्या जमिनीत आणि पाण्यात या देशाने आजवर आपली अडचण गाडली, त्यांची देणी फेडली पाहिजेत.

जमिनीचा इतिहास

रायगड, म्हणजे जुना कुलाबा जिल्हा, आपल्याला महाडच्या चवदार तळ्यामुळे माहीत आहे. पण बाबासाहेबांचे या जिल्ह्याशी आणखी एक नाते आहे, ते जमिनीचे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्या संपाचे नेते होते आणि संपकरी प्रामुख्याने आगरी शेतकरी होते. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. महार, आगरी आणि कुणबी कुळे एका झेंड्याखाली आली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कुळकायद्याने काही कुळांच्या नावावर जमीन लागली. ती नीट हाताला लागते न लागते तोच १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भातखाचरे, मिठागरे आणि खाजणांची ही जमीन सरकारी नकाशावर जणू रिकामीच होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. बंदरासाठी जमीन दिलेल्यांना मात्र ते पदरात पडण्यासाठी तीन दशके ताटकळावे लागले.

यात एक मुद्दा नेहमी निसटतो. साडेबारा टक्के मिळणार ते ज्याची जमीन गेली त्याला. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता त्याचे काय? मिठागरावरचा मजूर, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा बौद्धवाडीतला माणूस, डोंगरातला कातकरी हे सगळे या हिशेबाच्या बाहेर किंवा अगदी काठावर राहिले. त्यांचा रोजगार गेला, पण गेला असे कुठल्या दप्तरात लिहिले गेले नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला विस्थापन म्हणतात. पण मालकी हाच नुकसानाचा पुरावा मानला, की भूमिहीनाचे नुकसान दिसतच नाही. पुढे कार्बनच्या हिशेबातही नेमके हेच होते, म्हणून हा मुद्दा इथे सांगून ठेवतो.

समुद्राचा इतिहास

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवण्यात आला आणि तिथल्या कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले गेले. मिळालेली जागा अपुरी होती आणि पुढे वाळवीने घरे पोखरली. ज्यांनी बंदराला गाव दिले, त्यांच्या दुसऱ्या पिढीला पुन्हा पुनर्वसन मागत फिरावे लागले.

बंदर वाढत गेले तसा भराव वाढला, खारफुटी गेली, भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्या. खाडीत मिळणारे जिताडा, निवट्या, चिंबोऱ्या कमी होत गेल्या. पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल लागला. १,६३० मच्छीमार कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये द्यावेत असा आदेश झाला. त्यातला ७० टक्के वाटा बंदराने, २० टक्के ओएनजीसीने आणि १० टक्के सिडकोने उचलायचा होता.

हा निकाल मोलाचा आहे. पाण्यावर मालकी नसली तरी पाण्यावर जगण्याचा हक्क असतो आणि तो बुडवला तर भरपाई द्यावी लागते, हे त्यात मान्य झाले. पण तारखा जरा शेजारी ठेवून पाहा. बंदर १९८९ चे, निकाल २०१५ चा. मधल्या २६ वर्षांत एक पिढी होडी सोडून ट्रेलरवर क्लिनर झाली किंवा गोदामावर कंत्राटी हमाल झाली.

बंदरात कचरा येतो

न्हावा शेवा बंदर सुरू होण्याच्या दोनच महिने आधी, २२ मार्च १९८९ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. श्रीमंत देशांनी आपला घातक कचरा गरीब देशांत टाकू नये यासाठी तो होता. भारताने १९९२ मध्ये तो स्वीकारला. तरीही कचरा येतच राहिला, फक्त नाव बदलून. १९९५ मध्ये रिसर्च फाउंडेशन फॉर सायन्स, टेक्नॉलॉजी अँड नॅचरल रिसोर्स पॉलिसी या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या खटल्यात न्हावा शेवा बंदरात पडून असलेल्या १३३ कंटेनरचे प्रकरण पुढे आले. कागदावर माल वंगणाचे तेल होता. तपासणीत तो घातक टाकाऊ तेल निघाला.

बेकायदा आलेला घातक कचरा आला तिथे परत जावा, हा बासेल कराराचा मूळ दंडक. पण ५ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे तेल देखरेख समितीच्या नजरेखाली जाळून नष्ट करावे आणि खर्च आयातदारांकडून वसूल करावा असा आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व त्यात होते आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. किंमत मोजली गेली ती जाळण्याची. जळाल्यावर जो कार्बन हवेत गेला त्याची कुठेच नोंद नाही, कारण तेव्हा तसा हिशेब कुणी मागतच नव्हते. तेल परदेशाचे, नफा आयातदाराचा, आणि धूर इथल्या हवेत.

हे एकट्या न्हावा शेवाचे नाही. मुंबईच्या गोवंडीत रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प वर्षानुवर्षे दाट वस्तीला खेटून चालला. लोक लढले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो हलवायला सांगितले. हलवायचा कुठे? रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात. गोवंडीच्या लोकांचा लढा न्याय्यच होता. पण शहराची अडचण एका गरिबाच्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवली, एवढेच त्यातून झाले. खाडीपलीकडची जमीन ही मुंबईची मागची परसबाग आहे, असे गृहीतच धरले जाते.

कचऱ्यातून वीज: १९८७ पासूनची गोष्ट

आता कचरा जाळून वीज करण्याच्या इतिहासाकडे येऊ. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने असा प्रकल्प उभारला गेला. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज काढायची होती. तो थोड्याच दिवसांत बंद पडला, कारण कचरा नीट पेटतच नव्हता.

तो का पेटत नव्हता हे समजून घेतले पाहिजे. युरोपातल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक भरपूर असते. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो, भाज्यांची देठे, साली, उष्टे अन्न. पेटणारा भाग, म्हणजे कागद आणि प्लास्टिक, भट्टीपर्यंत पोहोचण्याच्या आधीच वेचला जातो. कोण वेचते? पोते पाठीवर घेऊन पहाटे निघणारी बाई. तिमारपूरच्या अभियंत्यांनी आखणीत हिला धरलेच नव्हते.

मुंबईत या बाईचा इतिहास देवनारला सापडतो. महापालिकेच्या नोंदींप्रमाणे देवनारचे डम्पिंग १९२७ पासूनचे. म्हणजे ज्या वर्षी महाडला पाण्यासाठी सत्याग्रह झाला, त्याच वर्षापासून शहर आपला कचरा देवनारला ओतत आले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून भूमिहीन माणसे मुंबईला आली. त्यातल्या बऱ्याच बाया चेंबूर-गोवंडीत कचरा वेचण्याच्या कामाला लागल्या. यात बौद्ध होत्या, मातंग होत्या, मुस्लिम होत्या. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सदस्यांतही बहुसंख्य दलित समाजातल्या स्त्रियाच आहेत. हे योगायोगाने होत नाही. १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी श्रमाची वाटणी आणि श्रमिकांची वाटणी यांत जो फरक केला, तो समजून घ्यायचा असेल तर सकाळी सहा वाजता शहरातल्या कुठल्याही कचराकुंडीपाशी उभे राहावे.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग पेटले, काही दिवस शहरावर धूर राहिला. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. कचरावेचकांना आत जाण्यावर बंदी कडक झाली, आणि कचऱ्यातून वीज हाच तोडगा म्हणून पुढे आला. आगीचे खापर कचरावेचकांवर फोडणे सोपे होते. शंभर वर्षे न वर्गीकरता कचरा ओतणाऱ्या शहराला मात्र कुणी आरोपी केले नाही.

२०१६ च्याच घनकचरा नियमांत कचरावेचकांना सामावून घ्या असे लिहिले होते. त्याच नियमांत १,५०० किलोकॅलरीच्या वर उष्मांक असलेला, पुनर्वापर होऊ न शकणारा कचरा डम्पिंगवर न टाकता ऊर्जेसाठी वापरा असेही लिहिले होते. दोन्ही वाक्ये एकाच नियमावलीत सुखाने नांदत होती. प्रत्यक्षात भट्टीला रोज ठरावीक टन आणि ठरावीक उष्णता लागते. प्लास्टिक वेचले गेले तर उष्णता कमी पडते. म्हणून करार झाला की प्लास्टिकवरचा पहिला हक्क भट्टीचा होतो आणि वेचणारी बाई चोर ठरते. पिंपरी-चिंचवडच्या मोशी येथे १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते १४ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. त्यात वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरायचा आहे. एवढे इंधन रोज पुरवायचे तर त्यातून काय वेचू द्यायचे आणि काय नाही, हा प्रश्न येणारच.

आता कार्बन पकडायचा म्हणजे काय करायचे?

एक टन कचरा जाळला की ढोबळमानाने एक टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला साधारण निम्मा अन्न, लाकूड, कागद यांतून येतो, तो निसर्गाच्या चक्रातलाच असतो. उरलेला निम्मा प्लास्टिकमधून, म्हणजे जमिनीखालच्या खनिज तेलातून येतो. खरी अडचण या दुसऱ्या निम्म्याची आहे.

तो पकडण्यासाठी धूर थंड करून अमाईन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून नेतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. मग ते साधारण १२० अंशांपर्यंत तापवले की वायू सुटा होतो, तो दाबून द्रवरूप करतात आणि नळाने किंवा जहाजाने नेऊन खोल खडकात सोडतात. हे कल्पनेतले नाही. जपानच्या सागा शहरात २०१६ पासून पालिकेच्या भट्टीतून रोज १० टनांपर्यंत वायू पकडून शेवाळाच्या शेतीला देण्याची सोय आहे. नेदरलँड्समध्ये ड्यूव्हन येथे २०१९ पासून असा वायू काचघरांतल्या शेतीला जातो. पण हा साठा नव्हे, कारण तो वायू पुढे हवेतच जातो. नॉर्वेत ऑस्लोजवळ क्लेमेटस्रूड येथे वर्षाला साडेतीन लाख टन पकडून समुद्राखाली गाडण्याची योजना आहे. नॉर्वेसारख्या श्रीमंत देशाने सरकारी पैसा ओतूनही २०२३ मध्ये खर्च न परवडल्याने ते काम थांबले होते. ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले.

भारतात कचऱ्याच्या भट्टीवर नाही, पण थुथुकुडीच्या एका रसायन कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरमधला वायू पकडून सोडा ॲश बनवला जातो. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये यावर अहवाल काढला आणि आयआयटी मुंबईत यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. म्हणजे विषय दारात आला आहे.

इथे एक साधा व्यवहारी प्रश्न आहे. द्रावण तापवायला आणि वायू दाबायला भट्टीतलीच उष्णता आणि वीज लागते. युरोपातल्या सुक्या कचऱ्याला ते परवडते. आपला निम्मा ओला कचरा स्वतःचे पाणी उकळण्यातच उष्णता संपवतो. त्यावर कार्बन पकडण्याचे यंत्र बसवले तर विकायला वीज उरणार किती? मग भट्टीला आणखी प्लास्टिक हवे, म्हणजे आणखी खनिज कार्बन जाळा, म्हणजे तो पकडायला आणखी यंत्रे लावा. हे चक्र चालवण्यासाठी पहिला बळी जाणार तो वेचणाऱ्या बाईचा.

गाडायचा कुठे?

महाराष्ट्रापुढे दोन वाटा सांगितल्या जातात. पहिली आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. आइसलंडमध्ये २०१२ मध्ये अशाच बेसाल्टमध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड सोडला, तेव्हा दोन वर्षांत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक खडकातच दगड होऊन बसला. विज्ञान म्हणून हे थक्क करणारे आहे. पण त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या महाराष्ट्राला ते पाणी कोण देणार? समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. ते यशस्वी झाले तर सोयीची जागा पुन्हा किनाराच.

दुसरी वाट समुद्रातली. १९७४ मध्ये बॉम्बे हायमध्ये तेल सापडले आणि तिथले तेल-वायू समुद्राखालच्या नळांनी उरणला येऊ लागले. रिकामे होत चाललेले तेलक्षेत्र हे कार्बन साठवण्यासाठी जगभर सोयीचे मानले जाते. नळांची, जहाजांची, टाक्यांची सोय ज्या किनाऱ्यावर आधीच आहे तिथेच नवा नळ येतो, हा उद्योगाचा नियम आहे. तो किनारा म्हणजे उरण-न्हावा शेवा.

जोखीम असते का? २२ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ कार्बन डायऑक्साइडचा नळ फुटला. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो सखल भागात साचतो. गाड्या बंद पडल्या, लोक गुदमरले, ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, दोनशेच्या वर लोकांना हलवावे लागले. उरणच्या लोकांना ३ सप्टेंबर २०१९ ची ओएनजीसी प्रकल्पातली आग आठवत असेल, त्यात चार जणांचा जीव गेला होता. नळ जातो तिथे जोखीम जाते, आणि नळ कुठून न्यायचा हे जमिनीची किंमत आणि लोकांची ताकद पाहून ठरते.

न मांडलेला हिशेब

आता आम्ही एक साधी बेरीज मांडतो. पिशव्या, डबे, दुधाच्या पिशव्या हे बहुतेक पॉलिथिलीन. एक किलो पॉलिथिलीन जाळले तर सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समजा एका बाईने दिवसाला फक्त १० किलो प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला दिले आणि ते वितळून पुन्हा वापरात आले. म्हणजे दिवसाला ३१ किलो वायू तयारच झाला नाही. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९ टनांच्या वर. अशा नऊ हजार बाया असतील तर वर्षाला ८३ हजार टनांच्या पुढे. अडीच लाख टन कचरा जाळणाऱ्या भट्टीतून जो खनिज कार्बन निघेल, त्याच्या निम्म्याहून अधिक एवढा हा आकडा आहे. अंदाजी बेरीज असली तरी प्रमाण लक्षात येते. हा कार्बन पकडायला अमाईन लागत नाही, नळ लागत नाही, समुद्राचा तळ लागत नाही.

मग या कामाचे कार्बन क्रेडिट कुणाला मिळाले? दिल्लीचा तिमारपूर-ओखला प्रकल्प क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदवला गेला होता. म्हणजे कचरा जाळणाऱ्याला कार्बन वाचवल्याचे श्रेय, आणि खरोखर वाचवणारीला हद्दपारी. २०२३ मध्ये भारत सरकारने स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. उद्या कार्बन पकडणाऱ्या कंपन्या तिथे आपला माल विकायला येतील. मिठागरावरच्या मजुराला जसा सातबारा नव्हता, तसे या बाईच्या कामाला मीटर नाही. मालकी नाही म्हणून नुकसान नाही, मीटर नाही म्हणून योगदान नाही. तर्क तोच आहे.

एक आक्षेप आपल्यातलाच

इथे आपल्याच चळवळीतून एक रास्त आक्षेप येतो. बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा असे सांगितले. मेलेली ढोरे ओढू नका, असे सांगितले. ढोरे न ओढल्याने तुमचे शिंगाकातड्याचे उत्पन्न बुडते असा हिशेब मांडणाऱ्यांचा १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी चांगलाच समाचार घेतला. मग आपण आज आपल्या आयाबहिणींना कचऱ्यावर हक्क मिळावा म्हणून लढायचे का? यंत्र आले, काम गेले, तर सुटका झाली असे का म्हणू नये?

हा प्रश्न आम्ही टाळत नाही. काम सोडणे आणि कामावरून हाकलले जाणे यात फरक आहे. महाराने ढोर ओढणे सोडले तो त्याचा निर्णय होता, आणि त्यामागे शिक्षण आणि संघटना उभी होती. डम्पिंगच्या दारावर रखवालदाराने अडवलेल्या बाईला पर्याय कोणता मिळतो? तेच वेचणे, फक्त आणखी लांब, आणखी रात्री, आणखी कमी भावात. घाण तीच आणि माणूसही तोच, फक्त मोबदला गेला.

आम्हाला तिची मुलगी कचऱ्यात नको आहे. म्हणूनच आज तिच्या कामाला कामगाराचा दर्जा, हातमोजे, शेड, यांत्रिक पट्टा, निवृत्तिवेतन आणि मुलीला शिष्यवृत्ती हवी. आणि आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाच्या वीजनिर्मितीचे नियोजन पुढे नेले. विजेने आणि यंत्राने गरिबाचे श्रम हलके व्हावेत, ही त्यांची दृष्टी होती. प्रश्न यंत्राचा कधीच नव्हता, ते कुणाच्या हातात आणि कुणासाठी हा होता.

आमच्या मागण्या

१. सुक्या कचऱ्यावरचा पहिला हक्क कचरावेचकांच्या संघटनांचा राहील, हे टेंडरमध्येच लिहावे. रोज अमुक टन कचरा पुरवण्याची हमी पालिकांनी कुणालाही देऊ नये.

२. वेचून, वर्गीकरण होऊन, खत आणि बायोगॅस करून जे उरेल तेवढेच जाळावे. प्लास्टिक जाळून मग त्याचा कार्बन पकडण्यासाठी सरकारी पैसा देऊ नये.

३. कचरावेचकांनी वाचवलेल्या कार्बनची मोजणी करून क्रेडिटचा वाटा त्यांच्या संघटनेच्या खात्यात जमा करावा.

४. कार्बनचा नळ किंवा साठा कुठेही आणायचा असेल तर ग्रामसभेची आणि मच्छीमार संस्थांची आगाऊ संमती घ्यावी. नुकसान मोजताना भूमिहीन, मिठागर मजूर, कातकरी आणि लहान मच्छीमार आधी मोजावेत. शंभर वर्षांनी गळती झाली तर जबाबदार कोण, हे आज लिहून द्यावे.

५. हे प्रकल्प खाजगी ठेकेदारांकडे जातात आणि आरक्षण तिथेच संपते. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात आरक्षण लागू करावे, आणि सफाई कामगार व कचरावेचकांच्या मुलांना ऑपरेटरपासून अभियंत्यापर्यंतचे प्रशिक्षण द्यावे. आमची मुले धुरांड्याखाली राहिली, आता ती नियंत्रण कक्षातही बसली पाहिजेत.

६. उरण-पनवेलमधल्या जुन्या देण्यांचा, साडेबारा टक्क्यांचा, हनुमान कोळीवाड्याच्या पुनर्वसनाचा आणि मच्छीमारांच्या भरपाईचा निकाल लागल्याशिवाय या किनाऱ्यावर नवा साठा आणू नये.

चरीच्या बांधावर कुळे एकत्र आली तेव्हा जात बाजूला ठेवून आधी हिशेब मागितला गेला होता. आगरी, कोळी, बौद्ध, मातंग, कातकरी आणि मुस्लिम कष्टकऱ्यांनी आज पुन्हा तसा एकत्र हिशेब मागण्याची वेळ आली आहे. आपापल्या पालिकेत कचऱ्याचे कुठले करार झाले आहेत ते माहिती अधिकारात मागवा, वस्तीत वाचून दाखवा, ग्रामसभेत आणि प्रभाग सभेत प्रश्न विचारा. कार्बनची भाषा अवघड आहे म्हणून ती तज्ज्ञांवर सोडून देऊ नका. खोतीचा हिशेबही आपल्या आजोबांना अवघडच वाटला असेल, तरी तो त्यांनी मागितला.

जय भीम!